बगळीचं टायमिंग

उंद्रीच्या भाऊरावांची गाडी किल्लीवर चालू होत नाही, ही गोष्ट चिखलीपासून अमडापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. आणि ती कधी चालू होऊही नये, अशीच सगळ्यांची इच्छा होती. ऐकायला येडपटपणा वाटेल, पण आधी गाडी समजून घ्या आणि मग काय हसायचं ते हसा.

गोल दिव्यांची, पेट्रोलवरची, पांढरी जुनी गाडी. नाव बगळी. किल्ली फिरवली, सेल्फ मारला, की इंजिन अर्धं फिरायचं, खट् करून उलटा झटका द्यायचं आणि गप. दोष होता डिस्ट्रिब्युटरचा. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. तो क्षण ठरवणारा हा डिस्ट्रिब्युटर. बगळीच्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजलेला, त्यामुळे ठिणगी घाई करायची. चार माणसांनी धक्का दिला, चाकं पळाली, की मात्र तीच गाडी मुकाट चालू व्हायची. मग पार नागपूरपर्यंत न्या, हूं की चूं नाही.

तेवीस वर्षांपूर्वी शेषरावच्या पोरीच्या बिदाईला भाऊरावांनी बगळी नेली. शेषराव म्हणजे लय कडक माणूस. ही सोयरीक त्याला पसंत नव्हती, म्हणून लग्नभर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला होता, पोरीशी एक शब्द बोलला नव्हता. नवरी गाडीत बसली, रडारड झाली, भाऊरावांनी किल्ली फिरवली आणि खट्. धक्क्याला माणसं कमी पडली तेव्हा शेषरावला उठावंच लागलं. मागच्या काचेला हात टेकून त्याने जोर लावला, आणि दहा पावलांत त्या माणसाचा बांध फुटला. आतून पोरीने त्याच काचेला हात लावला होता. भाऊरावांनी हे सगळं समोरच्या छोट्या आरशात पाहिलं. गाडी चालू झाली तरी बराच वेळ त्यांनी दुसऱ्या गेअरमधून काढली नाही.

तेव्हापासून रिवाजच पडला. नवरी कोणत्याही जातीची असो, कोणत्याही आळीतली असो, वेशीपर्यंत ती बगळीतूनच जायची आणि बगळीला धक्का माहेरच्यांनीच द्यायचा. त्याला नावही पडलं, ‘हात लावणं’. दारात एसीची कोरी गाडी उभी असलेले लोकसुद्धा तेवढ्यापुरती बगळी बोलवायचे. भाऊरावांनी अशा एकशे अठ्ठावीस पोरी वेशीपार नेल्या, आणि एकशे अठ्ठावीस बाप त्या आरशात पाहिले.

मधे नऊ वर्षांपूर्वी अकोल्याला जुन्या सामानाच्या बाजारात त्यांना ह्याच गाडीचा कोरा डिस्ट्रिब्युटर सापडला. हौसेने घेऊन आले. बसवायला घेतला आणि पाना हातातच राहिला. उद्या गाडी किल्लीवर चालू झाली तर? त्यांनी तो परत खोक्यात घातला, वरून पेपर गुंडाळला आणि ज्वारीच्या कोठीमागे सारून दिला. बायकोला, चांगुणाबाईला, पत्ता लागू दिला नाही. एकुलती एक लेक रेणुका एक दिवस ह्याच गाडीत बसणार होती. त्या दिवशी स्टेरिंगवर मित्र कचरू बसेल आणि आपण मागे उभे राहू, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. लोकांच्या पोरी पोचवताना हा माणूस नेहमी आत बसलेला. स्वतःच्या पोरीच्या वेळी तरी त्याला त्या आरशात दिसायचं होतं. एवढंच मागणं होतं, दुसरं काही नाही.

आणि नेमका तिथेच रेणुकाने घोळ घातला.

रेणुका पुण्याजवळ चाकणला इंजिनं तपासायच्या कामावर होती. लग्न ठरलं साखरखेर्ड्याच्या प्रेमानंद मास्तरांशी, तारीख मे महिन्यातली. बारा दिवस आधी सुट्टी काढून आली ती साड्यांच्या बॅगेआधी एक खोकं घेऊनच एसटीतून उतरली. खोक्यात इंजिनचा कॉम्प्युटर. वहीएवढी काळी पेटी आणि तिच्यातून निघालेला वायरींचा झुबका. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की झिजका डिस्ट्रिब्युटर उद्या निघणार, आणि ठिणगी कधी टाकायची हे आता ही पेटी ठरवणार.

चांगली तर चालते गाडी, काऊन उगीच छेडखानी करतं व माय, असं काहीबाही भाऊरावांनी बोलून पाहिलं. त्यावर रेणुकाने खोकं खाली ठेवलं.

“बाबा, आठवीत होती मी,” ती म्हणाली. “शाळेसमोरून वरात चालली होती आन् पोरं बोंबलून राह्यले होते, भाऊराव ढकलगाडी, भाऊराव ढकलगाडी. तुम्ही आत बसून हसत होते. मी त्याच दिवशी ठरवलं. माह्या लग्नात तुम्ही किल्ली फिरवसान आन् गाडी एका झटक्यात चालू होईन. हे माह्याकडून तुमाले.”

आता सांगा, कोणत्या तोंडाने बोलणार बाप? पोरीने आठवीपासून उराशी धरलेली गोष्ट, पहिल्या पगारापासून जमवत आणलेली. भाऊरावांनी पेटी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि चांगली हाये म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी चांगुणाबाईपाशी मन मोकळं केलं, कोठीमागचं खोकं सोडून सगळं सांगितलं. चांगुणाबाई भाकरी थापत होती. गाडी चालू होऊ द्या अन् मग लावा हात, कोण पाहायला येते, असं ती म्हणाली. भाऊराव भडकले. चालत्या गाडीला हात लावणं म्हणजे नाटक. गाडी अडली पाहिजे, तिला माणसाची गरज पडली पाहिजे, तेव्हा त्या हाताला अर्थ. मग तसं पोरीला सांगा, ती म्हणाली. सांगत नाही, हे म्हणाले. मग तुमचं तुम्हीच निस्तरा, असं म्हणून तिने भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी टिनाच्या शेडखाली काम सुरू झालं. इंजिनच्या पुलीवर रेणुकाने छत्तीस दात्यांचं एक चाक बसवलं. त्यातला एक दाता मुद्दाम काढलेला. चाकाशेजारी सेन्सर. दाते मोजत मोजत फट आली की कॉम्प्युटरला कळतं इंजिन नेमकं कुठे आहे, असं तिने समजावलं. चांगुणाबाईचा पुढचा एक दात गेल्याच वर्षी पडला होता. आपल्या घरीही फट दिसली की समजते इंजिन किती तापलं ते, असं भाऊराव बोलून गेले, आणि त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

खरं सांगायचं तर मनात नसूनही ते कामात रमले. लेक शेजारी, दोघांचे हात काळे, पाना म्हणायच्या आत पाना हजर. रेणुका लहानपणी ह्याच शेडमध्ये नटबोल्टांची लगोरी मांडायची. आता ती लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसत होती आणि बापाला हुकूम सोडत होती. भाऊरावांना त्याचं इतकं कौतुक वाटत होतं की मधेच आपण कशापायी दुःखी आहोत हेच ते विसरून जायचे.

तिसऱ्या दिवशी कॉइलची पाळी आली. कॉम्प्युटर कॉइलला इशारा देतो तेव्हा ती ठिणगी टाकते. तो इशारा सुलटा द्यायचा की उलटा, हे आधी पेटीत नेमून द्यावं लागतं. उलटसुलट झालं तर कॉइल नुसती भरत राहते, तापते आणि जळून जाते. कॉइलसोबत कागद आलेला नव्हता. रेणुकाने भाऊरावांना कॉइलवर तळहात ठेवायला सांगितलं आणि किल्ली अर्धी फिरवली. दहा-बारा आकडे मोजेपर्यंत हाताला ऊब लागली. त्यांनी ओरडून बंद करायला लावलं. तिने सेटिंग उलटं केलं, परत किल्ली दिली. आता कॉइल गार.

“तुमच्या हातासारखा सेन्सर आमच्या कंपनीतबी नाही, बाबा,” रेणुका म्हणाली. “डोळे मिटून भरवसा ठेवावा.”

ते वाक्य भाऊरावांच्या चांगलंच ध्यानात राहिलं. कारण त्याच दिवशी दिवेलागणीला त्यांनी त्या भरवशाची वाट लावली.

झालं असं, की शेवटचं काम उरलं होतं टायमिंग जुळवायचं. पेटीला रेणुकाने सांगून ठेवलं होतं की ठिणगी दहा डिग्रीवरच टाक, इकडे नाही की तिकडे नाही. पण पेटीला वाटतं ते दहा आणि इंजिनातलं खरं दहा एकच आहे का, हे डोळ्यांनी पाहावं लागतं. त्यासाठी टायमिंग लाईट. ठिणगी पडली की हा दिवा लखकन लागतो, आणि त्या उजेडात फिरत्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. शेजारच्या पट्टीवर ती खूण ज्या आकड्यासमोर दिसेल, तो खरा आकडा. दोन्हींत फरक निघाला तर तेवढा फरक पेटीला सांगायचा, की झालं जुळलं. मग गाडी किल्लीवर चालू.

कचरू आणि शेजारच्या दोघांनी धक्का देऊन इंजिन चालू करून दिलं आणि ते गेले. रेणुका आत लॅपटॉपपाशी. दिवा भाऊरावांच्या हातात. शेडमध्ये अंधारून आलं होतं. त्यांनी दिवा पुलीवर धरला आणि खूण लख्ख दिसली. बावीस. एकदा डोळे पुसून परत पाहिलं, बावीसच. म्हणजे जुनंच दुखणं, ठिणगीची तीच घाई. एक आकडा सांगायचा अवकाश होता.

“किती?” रेणुकाने आतून विचारलं.

“दहा,” भाऊराव म्हणाले.

“पयल्याच खेपेले? बरोब्बर दहा?”

“बरोब्बर.”

बॉनेटच्या फटीतून रेणुका त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, लय नशीबवान आहोत आपण असं म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

भाऊरावांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. मिस्त्रीकामाच्या चौतीस वर्षांत ते दारूवरून बायकोशी खोटं बोलले होते, शेतीवरून भावाशी बोलले होते, पण इंजिनच्या बाबतीत कोणाशी खोटं बोलले नव्हते. गिऱ्हाइकाशी नाही, दुश्मनाशी नाही. आणि बोलले ते कोणाशी, तर जी डोळे मिटून भरवसा ठेवते तिच्याशी. सकाळी रेणुकाने किल्ली फिरवली. खट्. उलटा झटका, नेहमीसारखा. तिने कपाळ खाजवलं, बॅटरी कमजोर असंन म्हणाली, पाहू मग म्हणाली, आणि चक्क आत निघून गेली. एका स्क्रूसाठी अर्धं इंजिन खोलणारी पोरगी! पण भाऊरावांना तेवढा विचार करायला फुरसत कुठे होती? सुटलो ह्याच आनंदात ते बहिणीला, संजीवनीला, पत्रिका द्यायला वरवट बकालला निघून गेले. लांबचा पल्ला, दोन एसट्या बदलून. बहिणीने चार-पाच दिवस ठेवून घेतलं. परत आले तेव्हा रेणुकाच्या नखांत काळं होतं आणि हळद दोन दिवसांवर आलेली. चांगुणाबाई तिच्या नावाने ओरडत होती. त्यानंतर बगळीच्या किल्लीला कोणी हात लावला नाही. गाडी धुतली, फुलं लावली आणि मांडवासमोर ढकलत नेऊन उभी केली.

लग्न दुपारी लागलं. पांढऱ्या साडीत रेणुका इतकी शांत दिसत होती की भाऊराव तिच्याकडे बघायचंच टाळत होते. भंतेजींनी पंचशील द्यायला सुरुवात केली, सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणू लागला. भाऊराव रोज सकाळी म्हणणारे, त्यांना काय अवघड. पण चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि त्यांचा आवाजच निघेना. चांगुणाबाईने कोपराने ढोसलं. ओठ हलले, शब्द काही आले नाहीत. हे असं पोटात ठेवून पोरीला वाटे लावलं तर आपल्याला जन्मभर झोप लागणार नाही, हे त्यांना तिथे बसल्या बसल्याच कळून चुकलं. मग हात लावायला नाही मिळाला तरी चालेल.

पाच वाजता बिदाई निघाली. कचरू स्टेरिंगवर बसला. नवरदेव पुढे त्याच्या शेजारी, रेणुका मागे एकटी, डावीकडे. हाही रिवाजच, मागची काच नवरीची. वडील गाडी का चालवत नाहीत, असं रेणुकाने विचारलं नाही. लोक मागे जमले होते. शेषराव आता थकलेला, काठी टेकत आला आणि काठी नातवाकडे देऊन त्याने डिकीवर हात ठेवला. सगळी तयारी झाली तरी भाऊराव मागे जाईनात. ते खिडकीपाशी वाकले.

“रेणू,” ते म्हणाले, “खोटं बोललो मी तुह्याशी. त्या दिवशी बावीस होतं.”

“माहीत हाये मले,” रेणुका म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. “तुम्ही वरवटले गेले तवा मी स्वतः दिवा धरून पाह्यलं. बॅटरीचं पाणी शोधाले गेली आन् कोठीमागचं खोकंबी सापडलं. नऊ वर्षांआधीचा पेपर हाये त्याच्यावर. तुमाले काय पाह्यजे होतं ते मले तवा समजलं, बाबा. इतके दिवस काऊन नाही सांगितलं?”

भाऊरावांची नजर बॉनेटकडे गेली. म्हणजे हिने पाहिलं, तर मग जुळवलंही असणार. इंजिन चुकीचं ठेवून झोपणारी पोर नव्हे ती. म्हणजे गाडी आता किल्लीसरशी चालू होणार. त्यांनी मान हलवली, होऊ दे म्हणाले, चांगलंच केलं तू. आणि मनापासून म्हणाले.

तेवढ्यात कचरूने किल्ली फिरवली.

घर्रर्रर्र. इंजिन फिरत राहिलं, मोकळं, सफाईने. उलटा झटका नाही, खट् नाही, आणि चालूही नाही. कचरूने परत फिरवली. घर्रर्रर्र. लोकांना काही कळलं नाही, त्यांना वाटलं बगळी नेहमीसारखीच अडली. पण भाऊरावांच्या कानाला ते लगेच समजलं. हा बावीसचा आवाज नव्हता. टायमिंग बरोबर होतं आणि ठिणगीच पडत नव्हती. कोणीतरी ती मुद्दाम धरून ठेवली होती. त्यांनी रेणुकाकडे पाहिलं.

“मांगं जा, बाबा,” ती म्हणाली. “हात लावा.”

भाऊराव मागे गेले. लोकांनी त्यांना मधली जागा करून दिली. त्यांनी मागच्या काचेला दोन्ही तळहात टेकले आणि जोर लावला. बगळी हलली. पहिली दहा पावलं त्यांना फक्त चाकाखालची खडी ऐकू येत होती. मग शेषराव बाजूने म्हणाला, रड बे, इथं कोणी पाहत नाही, आणि ते रडले. हुंदके देऊन, मोठ्याने, एकशे अठ्ठावीस बापांसारखे. रडता रडता त्यांनी काचेतून आत पाहिलं. सगळ्या पोरी ह्या वेळेला मागे वळतात, काचेला हात लावतात. रेणुका वळली नाही. तिची मान सरळ पुढे होती. भाऊरावांना ते लागलं. आपलं चुकलंच तसं, असं म्हणून त्यांनी पुन्हा जोर लावला. चाकं पळाली, इंजिनने एकदाच खाकरून सूर धरला, आणि काच हातांखालून निघून गेली. वेशीच्या वळणावर बगळीचे लाल दिवे दिसले आणि मग तेही दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू गाडी परत घेऊन आला. भाऊराव ओट्यावर बसले होते. कचरूने त्यांना हाताला धरून ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि किल्ली फिरवायला सांगितलं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू. धक्का नाही, झटका नाही, काही नाही. भाऊराव नुसते ऐकत राहिले.

मग कचरूने डॅशबोर्डच्या खाली बोट दाखवलं. तिथे एक छोटं बटण होतं, वर-खाली होणारं. वरच्या बाजूला नेलपॉलिशने लिहिलं होतं ‘रोज’, खालच्या बाजूला ‘लग्न’. रेणुकाने त्याला नीट पढवून पाठवलं होतं. पेटीत टायमिंगचे दोन तक्ते आहेत. बटण वर असलं की सरळ किल्लीवर चालू. खाली केलं की सेल्फने कितीही फिरवा, पेटी ठिणगी देणार नाही. माणसांच्या धक्क्याने चाकं पळाली, तरच देईल. गावातल्या पुढच्या पोरींनी काय करायचं, म्हणून तिने ते केलं होतं. म्हणजे नाटक म्हणावं, तर गाडी खरोखरच अडते. भाऊरावांनी बटणावरून बोट फिरवलं. शाळेतल्या वहीवर जसं अक्षर होतं तसंच अजून होतं.

कचरूचं गाऱ्हाणं मात्र वेगळंच होतं.

“पोरगी तुही लय जिद्दी हाये, भाऊराव,” तो म्हणाला. “गाडीत बसल्या बसल्या पयले तिनं आरसा फिरवला सोताकडे. म्हने, काका, हात लावू नका त्याले. मांगचं काहीच दिसेना मले. वेस गेली, अमडापूर गेलं, तरी सरळ करू देईना. साखरखेर्ड्यापर्यंत मी बिनआरशाची गाडी चालवली.”

भाऊरावांनी वर पाहिलं. आरसा अजून तसाच होता, मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे वळलेला. त्यांनी डावीकडे झुकून त्यात पाहिलं. मागची काच अख्खी दिसत होती आणि काचेवर वाळलेल्या धुळीत दोन तळहातांचे ठसे दिसत होते. कचरूने आरसा सरळ करायला हात पुढे केला तेव्हा भाऊरावांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “आजच्या दिवस राहू दे.”